तुळशीबागेतला हट्ट

सणासुदीच्या दिवसांत संध्याकाळी तुळशीबागेत पाय ठेवायला जागा नसते. भातुकलीच्या दुकानापुढे चार-पाच वर्षांची एक मुलगी आईची ओढणी धरून इवल्याशा पितळी बंबासाठी अडून बसली आहे. “घरी आहे ना आपल्याकडे,” असे आई दोनदा समजावते, मग मुलगी भोकाड पसरते, येणारे-जाणारे वळून पाहू लागतात आणि आई घाईघाईने पाकीट उघडत म्हणते, “घे बाई एकदाचा, पण रडू नकोस.” रडणे तत्काळ थांबते.

या प्रसंगात मुलगी शिकली आणि आईही शिकली. ज्या परिणामामुळे एखादे वर्तन बळावते, त्याला मानसशास्त्रात प्रबलन म्हणतात. रडल्यावर हवा तो बंब मिळाला, हे मुलीच्या वर्तनाचे धन प्रबलन झाले. बंब घेऊन देताच रडणे थांबले, हे आईच्या वर्तनाचे ऋण प्रबलन झाले. ऋण प्रबलनाला अनेकजण शिक्षा समजतात, पण शिक्षेने वर्तन घटते, तर ऋण प्रबलनात नकोशी गोष्ट दूर झाल्यामुळे वर्तन उलट बळावते.

रशियन शास्त्रज्ञ इव्हान पाव्हलोव्ह यांच्या प्रयोगांत अन्नाशी जोडलेला आवाज नुसता ऐकूनही कुत्र्यांना लाळ सुटू लागली. ते अभिजात अभिसंधान होते, म्हणजे दोन गोष्टी वारंवार एकत्र आल्याने त्यांची सांगड घालायला शिकणे. तुळशीबागेतल्या प्रसंगात मात्र वर्तनानंतर येणारा परिणाम वर्तनाला घडवतो. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १८९८ मध्ये पेटीत कोंडलेल्या मांजरांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. धडपडताना योगायोगाने दार उघडे आणि बाहेर खाणे मिळे. पुढच्या खेपांना सुटकेला लागणारा वेळ हळूहळू कमी होत गेला.

मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर आणि चार्ल्स फर्स्टर यांनी १९५७ मध्ये प्रबलनाच्या वेळापत्रकांचा, म्हणजे बक्षीस केव्हा आणि किती वेळा मिळते याचा, सविस्तर अभ्यास मांडला, आणि आईवडिलांच्या दृष्टीने सर्वांत मोलाची गोष्ट त्यातच आहे, असे आम्हाला वाटते. प्रत्येक वेळी मिळणारे बक्षीस बंद झाले, तर वर्तन लवकर ओसरते. परंतु कधी मिळणारे, कधी न मिळणारे बक्षीस बंद झाल्यावरही वर्तन दीर्घकाळ टिकून राहते. तीनदा ठाम राहून चौथ्यांदा नमणारी आई हट्ट कमी करत नाही. ती तो चिवट करते, आणि मग आपण त्या मुलीला स्वभावानेच हट्टी ठरवून मोकळे होतो, हे तिच्यावर अन्यायाचे आहे.

प्रबलन थांबवल्यावर वर्तन क्षीण होते, त्याला विलोपन म्हणतात. मात्र सुरुवातीला रडणे वाढण्याचीच शक्यता असते, आणि नेमक्या त्या क्षणी माघार घेतली, तर मोठ्याने रडण्याला प्रबलन मिळते. ओसरलेला हट्ट काही दिवसांनी अचानक पुन्हा डोके वर काढू शकतो. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. त्याच वेळी मुलीने शांतपणे काही विचारले, की लगेच तिच्याकडे वळून बोलायला हवे, कारण आईचे लक्ष हेही एक समर्थ प्रबलक आहे. आईने नकार दिल्यावर आजोबांनी गुपचूप तोच बंब आणून दिला, तर अधूनमधून मिळणाऱ्या बक्षिसाचे वेळापत्रक घरातच चालू राहते. म्हणून काय द्यायचे आणि काय नाही, हे बाजारात जाण्याआधीच घरातल्या सगळ्यांनी मिळून ठरवावे लागते.