एक फटका त्याचा, एक तिचा

लंडन, डिसेंबर १९२६. टेबल टेनिसची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा. महिला दुहेरी अजून सुरू व्हायची होती. ती १९२८ साली स्टॉकहोमला आली. मिश्र दुहेरी मात्र पहिल्या स्पर्धेपासूनच होती.

आता चेंडू सोडा, मिश्र जोडीतल्या दोघांचे, त्याचे आणि तिचे, पाय बघा.

लॉन टेनिसच्या मिश्र दुहेरीत जाळ्यापाशी उभा असलेला पुरुष मध्ये घुसून जोडीदारणीकडे येणारा चेंडूही मारू शकतो. इथे ते चालत नाही. सर्व्हिस आपल्या उजव्या अर्ध्यातून समोरच्या उजव्या अर्ध्यात, तिरकी. त्यानंतर एक फटका त्याचा, पुढचा तिचा. पाळी चुकली की गुण गेला. टेबलाची रुंदी जेमतेम पाच फूट. त्यामुळे ती फटका मारते आणि लगेच मागे सरकते. तिने रिकाम्या केलेल्या जागेत तो शिरतो, मारतो, वळसा घेऊन बाहेर पडतो. तोवर ती पुन्हा टेबलाशी.

शिवाय दर गेमला क्रम फिरतो. या गेममध्ये तिला समोरच्या बाईचे फटके परतवायचे, तर पुढच्या गेममध्ये समोरच्या पुरुषाचे. त्याने तिला सांभाळून घ्यायचं म्हटलं, तरी नियम सांभाळू देत नाही. या खेळाचं खरं मोठेपण इथे आहे, असं आम्हाला मनापासून वाटतं.

ही हंगेरीची मारिया मेद्न्यान्स्की. पहिलं विजेतेपद झोल्तान मेख्लोवित्सबरोबर, १९२८चंही त्याच्याच साथीने. मग मिक्लोश साबादोशबरोबर तीन, इश्तवान केलेनबरोबर एक. एकूण ६. आणि ही आन्ना शिपोश: एकदा केलेनबरोबर, दोनदा व्हिक्टर बार्नाबरोबर. १९३५पर्यंतच्या नऊच्या नऊ स्पर्धा हंगेरीच्या. त्यात पुरुष चार होऊन गेले, बायका दोनच. तरीही त्या काळाची गोष्ट निघाली की आधी नाव येतं ते बार्नाचं.

१९३६, प्राग. चेकोस्लोव्हाकियाच्या मिलोस्लाव्ह हामर आणि गर्ट्रूड क्लाइनोव्हा यांनी ही मालिका तोडली. क्लाइनोव्हा ज्यू होती. पुढे नाझींच्या छावण्या: तेरेझिन, मग आउशवित्झ. ती वाचली.

१९५२ साली ही स्पर्धा प्रथमच आशियात आली, आपल्या मुंबईत. गाजली ती जपानच्या हिरोजी सातोची स्पंजची बॅट. मिश्र दुहेरी जिंकली हंगेरीचा फेरेंक शिदो आणि रुमानियाच्या आंजेलिका रोझेआनू यांनी.

ऑलिंपिकने टेबल टेनिस घेतलं १९८८ला. मिश्र दुहेरीला थांबावं लागलं ते थेट टोकियोपर्यंत, २०२१ सालापर्यंत. ते पहिलं सुवर्ण जपानच्या जुन मिझुतानी आणि मिमा इतो या जोडीचं.