कोंडा, अँटिऑक्सिडंट आणि मोठं आतडं

मंडळी, आजचा विषय जेवणावर बसून ऐकण्यासारखा नाही. पण मोठ्या आतड्याबद्दल बोलायचं तर मलाबद्दल बोलणं आलंच, आणि तंतूंच्या, म्हणजे अन्नातल्या आपल्याला न पचणाऱ्या भागाच्या (फायबरच्या), संशोधनाची सुरुवातही तिथूनच झाली. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरपासून वाचवतं कोण, तंतू की अँटिऑक्सिडंट (ऑक्सिजनमुळे पेशींची होणारी हानी रोखणारी द्रव्यं), असा एक वाद आहे. आज त्याबद्दल.

डेनिस बर्किट हे मूळचे आयर्लंडचे सर्जन. त्यांनी युगांडात बरीच वर्षं काम केलं. ब्रिटनमध्ये नित्याचा असलेला मोठ्या आतड्याचा कॅन्सर तिथल्या खेड्यांत फारच क्वचित दिसे. मग त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक्स-रेमध्ये दिसणाऱ्या बारीक गोळ्या लोकांना गिळायला दिल्या, त्या किती तासांनी बाहेर पडतात हे पाहिलं आणि मलाचं वजनही केलं. खेड्यातल्या माणसाचं अन्न साधारण दीड दिवसात बाहेर पडत होतं, ब्रिटिश माणसाचं तीन दिवसांहून अधिक काळ आत राहत होतं. वजनातला फरक चौपटीच्या आसपास. 1971 मध्ये बर्किट यांनी मांडलं की हा फरक तंतूंचा आहे. मल जास्त असेल आणि लवकर पुढे सरकत असेल, तर घातक द्रव्यं पातळ होतात आणि आतड्याच्या अस्तराला कमी वेळ लागून राहतात.

कल्पना साधी होती, म्हणून लोकांना आवडली. पुढे मात्र गाडी अडली. 1999 मध्ये अमेरिकेतल्या 88 हजारांहून जास्त परिचारिकांची 16 वर्षांची पाहणी प्रसिद्ध झाली. तीत तंतू खाण्याचा आणि या कॅन्सरचा संबंध सापडला नाही. पुढच्याच वर्षी दोन प्रयोगांचे निष्कर्ष आले. एकात पॉलिप (आतड्याच्या अस्तरावर उगवणारी, पुढे कॅन्सर होऊ शकणारी गाठ) काढलेल्या लोकांना गव्हाचा कोंडा दिला होता, दुसऱ्यात कमी चरबीचा, जास्त तंतूंचा आहार. दोन्हीकडे पॉलिप पुन्हा यायचे ते आलेच.

मग बर्किट चुकले का? मला तसं वाटत नाही. पॉलिपचा कॅन्सर व्हायला बहुधा दहा वर्षं किंवा त्याहून जास्त काळ जातो आणि हे प्रयोग तीन-चार वर्षांचे होते. शिवाय सगळेच जण कमी तंतू खात असतील, तर थोडं कमी आणि थोडं जास्त यांची तुलना करून काय हाती लागणार? 2003 मध्ये युरोपातल्या दहा देशांतल्या पाच लाखांवर लोकांच्या पाहणीत खाण्यातला फरक मोठा होता. तिथे सर्वांत जास्त तंतू खाणाऱ्या गटात धोका सुमारे 25 टक्क्यांनी कमी दिसला. 2011 मध्ये अशा 25 पाहण्या एकत्र केल्यावर आकडा आला तो असा: रोज 10 ग्रॅम तंतू वाढले की धोका सुमारे 10 टक्क्यांनी कमी. भरड, अख्ख्या धान्याचा परिणाम त्यात ठळक दिसला, भाज्या-फळांतल्या तंतूंचा तितका नाही.

हे 10 टक्के म्हणजे किती, तेही पाहू. अमेरिकेत आयुष्यभरात शंभरातल्या साधारण चार जणांना हा कॅन्सर होतो. चारातले 10 टक्के गेले की उरले 3.6. एका माणसासाठी हा फरक लहान आहे, पण जगात दरवर्षी 19 लाखांच्या आसपास नवे रुग्ण सापडतात हे लक्षात घेतलं की तो लहान राहत नाही. आणि या बहुतेक पाहण्याच आहेत. तंतू खाणारा माणूस चालतोही जास्त आणि सिगारेटही कमी ओढतो. हिशोबात ते वजा केलेलं असतं, पण पूर्णपणे कधीच होत नाही.

आता आत काय घडतं ते. आपल्याला न पचलेले तंतू मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंचं अन्न असतात. ते खाऊन जिवाणू ब्युटिरेट नावाचं आम्ल तयार करतात. आतड्याच्या अस्तरातल्या निरोगी पेशींचं हे मुख्य इंधन. कॅन्सरची पेशी मात्र साखरेवर जगते, ब्युटिरेट जाळत नाही. ते तिच्यात साठतं, जनुकांच्या कामात हात घालतं आणि तिची वाढ रोखतं. प्रयोगशाळेत हे स्पष्ट दिसतं.

माणसांत काय होतं? 2015 चा एक प्रयोग मला फार आवडतो. वीस आफ्रिकी-अमेरिकी आणि दक्षिण आफ्रिकेच्या ग्रामीण भागातले वीस जण यांच्या आहाराची दोन आठवडे अदलाबदल केली. अमेरिकेतल्यांचे तंतू दिवसाला 14 ग्रॅमवरून 55 वर गेले, आफ्रिकेतल्यांचे 66 वरून 12 वर आले. तेवढ्या अवधीत अमेरिकेतल्यांचं ब्युटिरेट अडीच पट झालं, आफ्रिकेतल्यांचं निम्म्यावर आलं. अस्तराचा दाहही त्याच क्रमाने इकडे घटला, तिकडे वाढला. यातून कॅन्सर टळतो हे सिद्ध होत नाही, पण आतडं किती झटपट बदलतं ते कळतं.

अँटिऑक्सिडंटची कथा जरा वेगळी. तर्क बिनतोड होता: ऑक्सिडेशनने डीएनए बिघडतो, तेव्हा ते थांबवणारी गोळी द्या. पॉलिप काढलेल्या 864 जणांना चार वर्षं बीटा-कॅरोटीन, जीवनसत्त्व क आणि ई देऊन पाहिलं. 1994 मध्ये निकाल आला: शून्य फायदा. त्याच वर्षी फिनलंडमध्ये 29 हजार धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर 18 टक्क्यांनी वाढलेला निघाला. तरीही बाटल्या विकल्या जातातच, त्याला काय करणार!

मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. गोळीतलं जीवनसत्त्व क बरंचसं लहान आतड्यातच शोषलं जातं. मोठ्या आतड्यापर्यंत पोचतं कोण? जे तंतूंना घट्ट चिकटलेलं असतं ते. गव्हाच्या कोंड्यातलं फेरुलिक आम्ल हे अँटिऑक्सिडंट बहुतांशी असंच बांधलेलं असतं. आपली पाचकद्रव्यं त्याला सोडवू शकत नाहीत. मोठ्या आतड्यातले जिवाणू तंतू फोडतात तेव्हा ते सुटतं, थेट अस्तराजवळ. पीठ चाळून कोंडा फेकला, किंवा फळाचा रस काढून चोथा फेकला, की तंतू गेलेच, वर त्यांना चिकटलेली अँटिऑक्सिडंटही गेली. म्हणून तंतू की अँटिऑक्सिडंट हा वाद मला फारसा कामाचा वाटत नाही.

जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांसाठी दिवसाला किमान 25 ग्रॅम तंतू सांगते. सालासकट एका मध्यम सफरचंदात चारेक ग्रॅम मिळतात, गाळलेल्या रसात जवळजवळ काहीच नाही. वाटीभर शिजवलेल्या अख्ख्या मसुरात सात-आठ ग्रॅम सहज. डाळी-कडधान्यांवर माझा भर असतो तो यासाठीच. आणि ताटातल्या सॉसेजच्या जागी त्या आल्या तर दुहेरी लाभ: प्रक्रिया केलेलं मांस रोज 50 ग्रॅम खाल्लं तर या कॅन्सरचा धोका सुमारे 18 टक्क्यांनी वाढतो, असं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2015 मध्ये सांगितलं आहे. मात्र आजवर 12 ग्रॅम खाणाऱ्याने उद्यापासून 40 खाऊ नयेत. पोट फुगेल, आणि चार दिवसांत सगळं सोडून द्याल. दर आठवड्याला थोडं वाढवा, पाणीही वाढवा. आतडं कुठे अरुंद झालेलं असेल किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

आणि ज्याच्या आई-वडिलांना किंवा भावंडांना हा कॅन्सर झाला आहे, किंवा शौचातून रक्त जातंय आणि ते मूळव्याधीचंच असेल असं जो धरून चालला आहे, त्याने कोंड्याच्या भरवशावर राहू नये. पॉलिप कोलोनोस्कोपीत (कॅमेरा असलेली नळी मोठ्या आतड्यात घालून केलेल्या तपासणीत) दिसतो आणि बहुतेकदा तिथेच काढता येतो. कसलाही त्रास नसणाऱ्यांनाही आता अमेरिकेत वयाच्या 45 पासून तपासणी सुचवतात. कोलोनोस्कोपीची भीती वाटत असेल, तर मलातलं न दिसणारं रक्त शोधणारी चाचणी घरच्या घरी नमुना घेऊन करता येते. ती दरवर्षी करावी लागते, आणि तीत रक्त सापडलं की कोलोनोस्कोपी टाळता येत नाही.