सहा वेळांचे जेवण

(दृश्य : स्वयंपाकघराचा ओटा, पातेले, गाळणी)

या गाळणीतून नाचणीचे सत्त्व आणि मुगाच्या डाळीचे पाणी दोनदा गाळले जाते, कारण डाळीचा एवढासा कण जरी नळीत अडकला, तरी नऊ वर्षांच्या या मुलीचे जेवण थांबते. नवीन नाशिकमधील सिडकोच्या या दोन खोल्यांच्या घरात तिला सगळे छकुली म्हणतात. तिला सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे स्नायूंवर ताबा न राहण्याचा विकार आहे, आकड्या येतात, आणि गिळताना घास श्वासनलिकेत जाण्याचा धोका असल्याने पोटावर छेद देऊन थेट जठरात बसवलेल्या नळीवाटे तिला दिवसातून सहा वेळा भरवावे लागते.

(दृश्य : आईचे हात, सिरिंज)

आई आधी उशा रचून तिला अर्धवट बसते करते. सिरिंजचा दट्ट्या काढून ठेवलेला असतो, कारण अन्न ढकलायचे नसते, ते आपल्या वजनाने उतरू द्यायचे असते. सिरिंज वर धरली की धार भरभर उतरते, खाली आणली की मंदावते. छकुली खोकली, की आईचा हात तिकडे न पाहताच खाली येतो. शेवटी नळी स्वच्छ व्हावी म्हणून कोमट पाणी सोडले जाते आणि पुढचा अर्धा तास मुलीला आडवे करता येत नाही. एका वेळेला पाऊण तास, म्हणजे सहा वेळांचे साडेचार तास. आकडीची औषधे ठरलेल्या वेळी द्यायची, त्यांचा वेळ यात धरलेला नाही.

(दृश्य : जुने फोटो, दवाखान्याच्या फायली)

जन्मल्यावर ती रडली नाही. मेंदूला प्राणवायू कमी पडला, आणि काचेच्या पेटीत असतानाच पहिली आकडी आली. पुढची चार वर्षे आजी वाटी-चमच्याने एकेक घोट भरवत असे. पण त्यातले थोडे दूध फुप्फुसात जात राहिले आणि न्यूमोनिया पुन्हा पुन्हा होत राहिला. आजीच्या भरवण्यात काही चुकत नव्हते. गिळण्याचे स्नायूच एकमेकांना साथ देत नव्हते, हे तपासणीत कळले तेव्हा पंचवटी एक्स्प्रेसने मुंबई गाठून शस्त्रक्रिया झाली. वॉर्डातल्या परिचारिकेने नळी कशी हाताळायची ते दोन दिवस दाखवले आणि तिसऱ्या दिवशी आई ती जबाबदारी घेऊन कसारा घाट चढून घरी आली. परिचारिकांना ज्या कामासाठी काही वर्षांचे शिक्षण घ्यावे लागते, ते या बाईंनी दोन दिवसांत उचलले, हे प्रेक्षकांनी लक्षात ठेवावे.

(दृश्य : सक्शन यंत्र, थोरला भाऊ)

थंडीत निफाडकडचा गारठा शहरात उतरला, की छकुलीच्या छातीतला कफ वाढतो आणि तो तिला खोकून काढता येत नाही. सातवीतला दादा कफ ओढून काढणाऱ्या यंत्राचे बटण दाबतो आणि आई बारीक नळी तोंडात मोजून तेवढीच आत सरकवते. ओढ लावायची ती नळी बाहेर काढताना, आणि तीही मोजक्या सेकंदांपुरती. यंत्राशेजारी पायाने चालवायचा पंप ठेवला आहे, कारण वीज गेली म्हणून कफ थांबत नाही.

आईने शिक्षिकेची नोकरी सोडली, आणि वडील अंबडच्या कारखान्यात जादा पाळ्या करतात.

(दृश्य : कपाटातील कागदपत्रे)

घरी दिव्यांग प्रमाणपत्र आहे. निरामय या दिव्यांगांसाठीच्या सरकारी आरोग्य विमा योजनेचे कार्डही आहे, ज्यात वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचा उपचारखर्च मिळू शकतो. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या २४व्या कलमात तर अधिक आधाराची गरज असलेल्या व्यक्तींसाठी काळजीवाहकाच्या भत्त्याचाही उल्लेख आहे. म्हणजे या साडेचार तासांना काम म्हणण्याइतका विचार कायद्याने केलेला आहे. ते काम करणाऱ्या या घरापर्यंत मात्र त्यातला एक रुपयाही पोहोचलेला नाही.

(दृश्य : दारात रिक्षा)

मेंदूला झालेली इजा वाढत नाही, पण मूल वाढते. हाडे लांबतात, ताठर स्नायू त्या प्रमाणात लांबत नाहीत आणि खुब्याचे हाड जागेवरून सरकू लागते. म्हणून आठवड्यातून तीन दिवस फिजिओथेरपी असते. जेवण होऊन तास उलटल्यावरच निघायचे, हा नियम रिक्षावाल्या काकांनाही पाठ आहे. आई छकुलीला कडेवर घेऊन बसते, दादा मानेखाली घडी केलेली चादर सरकवतो, आणि काका गतिरोधकाच्या अलीकडेच रिक्षा जवळजवळ थांबवून, एकेक चाक हळूहळू पलीकडे उतरवतात.