लाखेचा किडा: झाड चुकलं तर पीक गेलं

नमस्कार मंडळी! ही पळसाची फांदी बघा. तिच्यावर तपकिरी, खडबडीत थर दिसतोय? पुष्कळजण याला झाडाचा डिंक समजतात. पण ही लाख आहे, आणि या थराच्या आत लाखेच्या किड्याच्या माद्या आहेत, जिवंत. केरिया लॅक्का हे त्याचं शास्त्रीय नाव. हा खवलेकिडा आपल्याच देशातला.

पिल्लू जेमतेम अर्धा मिलिमीटरचं, लालसर. आईच्या कवचातून बाहेर पडतं, चालत कोवळी फांदी गाठतं, सालीत सोंड खुपसतं आणि रस ओढू लागतं. पहिली कात टाकली की पाय जातात, डोळेही जातात. मादी मग मरेपर्यंत तिथून हलत नाही. अंगातून राळ पाझरते, शेजारणींची राळ एकमेकींत मिसळते आणि असा सलग थर तयार होतो. त्यातून बाहेर आलेले पांढरे मेणाचे धागे दिसतात ना, ते श्वासाची छिद्रं मोकळी ठेवतात. नराला मात्र पुढे पाय परत येतात; मिलन झालं की थोड्याच दिवसांत तो मरतो. एक मादी शेकडो पिल्लं देते.

आता झाडाकडे नीट लक्ष द्या, कारण घोटाळा इथेच होतो. या किड्याचे दोन प्रकार आहेत. रंगीनी पळसावर आणि बोरीवर वाढतो. कुसमी वाढतो कोशिंबावर. बोरीवरही चालतो, पण पळसावर त्याचं पीक येत नाही. रंगीनी कोशिंबावर टिकत नाही. म्हणून बीहन, म्हणजे पिल्लं बाहेर पडायच्या बेतात असलेल्या लाखेच्या काड्या घेताना, ते कुठल्या झाडावरचं आहे हे आधी विचारा. कोशिंबावरची लाख फिकट रंगाची आणि जास्त मोलाची.

दोन्हींची वर्षाला दोन पिकं. रंगीनीचं कतकी पावसाळ्यात सुरू होऊन ऑक्टोबर-नोव्हेंबरात निघतं; बैसाखी त्यानंतर पुढच्या जून-जुलैपर्यंत झाडावर असतं.

गोंदिया-गडचिरोलीकडच्या मित्रांनो, एक कळकळीची विनंती. पैशांची निकड असते, मान्य. तरी सगळी लाख पिल्लं बाहेर पडण्याआधी तोडू नका. दोन-चार झाडं तरी राखा, नाहीतर पुढच्या हंगामाचं बीहन विकत घ्यावं लागेल.

आणि नव्या झाडाच्या फांद्यांना बांधलेल्या बीहनाच्या काड्या साधारण 3 आठवड्यांनी काढून घ्या. पिल्लं तोवर नव्या फांदीवर बसलेली असतात; मागे उरलेल्या रिकाम्या लाखेत लाखेचे किडे खाणाऱ्या पतंगांच्या अळ्या दडलेल्या असतात, त्या तिथून नव्या पिकावर जातात.