‘ॲबी रोड’ : बीटल्सचे अखेरचे ध्वनिमुद्रण

श्रोतेहो, नमस्कार.

जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन आणि रिंगो स्टार या चौघा इंग्लिश गायक-वादकांचा संच म्हणजे बीटल्स. त्यांची शेवटची ध्वनिमुद्रिका कोणती, असे विचारले तर बरेच रसिक ‘लेट इट बी’ हे नाव सांगतात, आणि प्रकाशनाचा दिवस पाहिला तर ते बरोबरही आहे, कारण ती मे १९७० मध्ये लोकांच्या हाती आली. पण तिच्यातील बहुतेक काम जानेवारी १९६९ मध्येच झालेले होते. चौघांनी मिळून मनापासून घडवलेली शेवटची ध्वनिमुद्रिका म्हणजे ‘ॲबी रोड’. आजचे बोलणे तिच्या घडणीविषयी आहे.

तो जानेवारी महिना या चौघांसाठी फार कठीण गेला. ट्विकनहॅमच्या चित्रपट स्टुडिओत सकाळी सकाळी कॅमेऱ्यांसमोर तालमी करायच्या, जुन्या कुरबुरी चित्रित होताना पाहायच्या, असा तो प्रकार होता. जॉर्ज हॅरिसन काही दिवस काम सोडून निघूनही गेला. पुढे सॅव्हिल रो येथील आपल्या कचेरीच्या तळघरात त्यांनी काम चालू ठेवले, ३० जानेवारीला त्याच इमारतीच्या गच्चीवर ते वाजवले, आणि त्या साऱ्या फिती तशाच पडून राहिल्या. त्यातच व्यवहार कोणी सांभाळायचा हा वाद पेटला. तिघे ॲलन क्लाइन या अमेरिकन व्यवस्थापकाच्या बाजूला आणि पॉल मॅकार्टनी आपल्या सासरच्या ईस्टमन मंडळींच्या बाजूला, अशी सरळ फूट पडली.

अशा वेळी पॉलने निर्माते जॉर्ज मार्टिन यांना विचारले की, पूर्वी करत होतो तशी एक ध्वनिमुद्रिका करूया का. मार्टिन यांनी होकार दिला, पण एका अटीवर : काम खरोखरच पूर्वीच्या पद्धतीने होईल आणि त्यांना निर्मात्याचे काम मोकळेपणाने करू दिले जाईल. मला या घडणीतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच वाटते. चौघांची मने जुळली म्हणून हे काम चांगले झाले, असे म्हणण्याला आधार नाही, कारण व्यवहाराचे भांडण त्याच काळात चालूच होते. पण स्टुडिओत शिरल्यावर काम कसे करायचे, यावर त्यांचे एकमत झाले आणि तेवढ्या एकमतावर हा डोलारा उभा राहिला. आदल्या वर्षी वैतागून काम सोडून गेलेले ध्वनिमुद्रक जेफ एमरिक हेही परत आले.

एमरिक परतले तेव्हा ईएमआय या ध्वनिमुद्रिका कंपनीच्या स्टुडिओत जुन्या व्हॉल्व्हच्या ध्वनिमिश्रकाच्या जागी ट्रान्झिस्टरवर चालणारा नवा ध्वनिमिश्रक आलेला होता, आणि आठ ट्रॅकचे, म्हणजे एकाच फितीवर आठ आवाज वेगवेगळे टिपणारे यंत्रही होते. पूर्वी चार ट्रॅक भरले की ते एकत्र करून दुसऱ्या फितीवर घ्यावे लागत, आणि अशा प्रत्येक उतरवणीत फितीची खरखर वाढत असे. आता जागा दुप्पट झाली. नव्या ध्वनिमिश्रकाचा आवाज जुन्यापेक्षा मऊ होता, हे एमरिक यांना लगेच जाणवले. या ध्वनिमुद्रिकेचा जो गोलाई असलेला, उबदार नाद आपण ऐकतो, त्यात या यंत्राचा मोठा वाटा आहे.

जुलैच्या आरंभी काम जोमाने सुरू झाले तेव्हा जॉन लेनन नव्हता, कारण १ जुलैला स्कॉटलंडमध्ये त्याच्या मोटारीला अपघात झाला होता. म्हणून ‘हिअर कम्स द सन’ हे हॅरिसनचे प्रसन्न गाणे तिघांनीच मुद्रित केले. जॉन परतला, आणि त्याच अपघातात जखमी झालेली त्याची पत्नी योको ओनो हिच्यासाठी स्टुडिओतच एक पलंग मांडण्यात आला.

‘बिकॉज’ या गाण्याजवळ मात्र थोडे थांबायला हवे. जॉन, पॉल आणि जॉर्ज या तिघांनी एकत्र, तीन वेगळ्या सुरावटींत गायचे, तेच पुन्हा दोनदा आधीच्या आवाजांवर चढवायचे, म्हणजे तीन गळ्यांचे नऊ आवाज होतात. मार्टिन यांनी स्वरांची मांडणी बसवून दिली आणि विजेवर चालणारा हार्पसिकॉर्ड (पियानोसारखे कळपट्टीचे वाद्य) स्वतः वाजवला. अशा गाण्यात एकाचा स्वर केसभर ढळला तरी सगळे विस्कटते. प्रत्येकाला स्वतःपेक्षा शेजारच्याचा आवाज अधिक लक्ष देऊन ऐकावा लागतो. एकमेकांशी धड बोलणेही जड जात असलेल्या माणसांनी ऑगस्टच्या आरंभी हे केले, याचे मला आजही नवल वाटते.

दुसऱ्या बाजूवरील सलग गीतमाला म्हणजे अपुऱ्या राहिलेल्या गाण्यांची जोडणी आहे. त्यातील जॉनचे दोन तुकडे तर १९६८ च्या हृषीकेशच्या मुक्कामातले. जॉनला ही कल्पना फारशी रुचली नव्हती. पॉल आणि मार्टिन यांनी ती नेटाने पुढे नेली. माळेच्या शेवटाकडे ‘द एंड’मध्ये रिंगो स्टारचे एकट्याचे ड्रमवादन येते, आणि मग पॉल, जॉर्ज आणि जॉन क्रमाने दोन दोन मात्राखंड गिटार वाजवतात. अशी तीन आवर्तने होतात. तिघांच्या वाजवण्याची ढब इतकी वेगळी आहे की, नाव न सांगताही कानाला ओळख पटते.

२० ऑगस्ट १९६९ रोजी चौघे त्या स्टुडिओत शेवटचे एकत्र आले. त्या दिवशी ‘आय वॉन्ट यू’ या लांबलचक गाण्याचे मिश्रण पुरे झाले. त्याचा शेवट हळूहळू विरत नेण्याऐवजी जॉनने एमरिक यांना फीत मध्येच कापायला सांगितले, आणि पहिली बाजू भर वेगात, एका क्षणात तुटते. दुसऱ्या बाजूची गंमत वेगळी आहे. ‘हर मॅजेस्टी’ हा २३ सेकंदांचा तुकडा पॉलने गीतमालेतून काढून टाकायला सांगितला होता. पण काहीही फेकून द्यायचे नाही, या स्टुडिओच्या शिरस्त्याप्रमाणे जॉन कर्लंडर या तरुण साहाय्यकाने तो कोरी फीत मध्ये ठेवून शेवटी जोडला. पॉलला तो तिथेच आवडला. कापताना मूळ जागी आधी असलेल्या गाण्याचा अखेरचा ठोका त्याच्या आरंभी चिकटून आला, आणि त्याचा स्वतःचा शेवटचा गिटारस्वर तिथल्या पुढच्या गाण्याखाली मागेच राहिला.

सप्टेंबरमध्ये जॉनने आपण बाहेर पडत असल्याचे बाकीच्यांना सांगितले आणि त्याच महिन्याच्या २६ तारखेला ‘ॲबी रोड’ प्रकाशित झाली. पुन्हा कधी ऐकाल तेव्हा गीतमाला संपल्यावरही तबकडी थांबवू नका; काही सेकंदांच्या शांततेनंतर तो छोटा तुकडा येतो, आणि त्याचा अखेरचा स्वर लागतच नाही.