लसणाचा वास नेमका कुठून येतो?

लसणाची न दुखावलेली पाकळी नाकाशी धरा. वास जवळजवळ नाहीच. आता तिच्यावर सुरी फिरवा. उठलेला हा दर्प पाकळीत साठवलेला नव्हता, आत्ता तयार झाला.

पेशीतल्या द्रवात ॲलिन हे गंधकयुक्त, बिनवासाचं संयुग असतं. रिक्तिकेत, म्हणजे पेशीतल्या बंद पिशवीत, ॲलिनेझ नावाचं विकर (रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन, एन्झाइम) वेगळं कोंडलेलं असतं. पाकळी ठेचली की मधला पडदा फाटतो, दोघं भेटतात आणि काही सेकंदांत उग्र वासाचं ॲलिसिन बनू लागतं. चेस्टर कॅव्हॅलिटो आणि जॉन बेली या संशोधकांनी १९४४ साली ते वेगळं काढलं. ॲलिन त्यानंतर काही वर्षांनी सापडलं. धूर आधी दिसला, चूल मागाहून.

जिवाणूंच्या विकरांमध्ये गंधक आणि हायड्रोजनचे जे गट असतात, त्यांना ॲलिसिन जाऊन चिकटतं आणि एकाच वेळी अनेक विकरं बंद पाडतं. अर्थात हे परीक्षानळीत. लसूण खाल्ल्यावर ॲलिसिन रक्तात तसंच्या तसं मिळत नाही, म्हणून प्रतिजैविकाच्या जागी लसूण चालत नाही.

खरी गंमत ॲलिनेझची आहे. ते उष्णतेनं मरतं. अख्ख्या पाकळ्या मायक्रोवेव्हमध्ये मिनिटभर ठेवल्या तरी पुरतं. मग कितीही ठेचा, ॲलिसिन नाही. म्हणून आधी ठेचायचं, दहा मिनिटं थांबायचं, नंतर आचेवर घालायचं. पोटातलं तीव्र आम्लही ॲलिनेझ निकामी करतं. पाण्याबरोबर पाकळी अख्खी गिळण्यात म्हणूनच फारसं हशील नाही, चावा. लसणाच्या पावडरीच्या काही गोळ्यांवर आतड्यात विरघळणारं आवरण असतं, तेही याचसाठी.

ॲलिसिन टिकाऊ नाही. तेलात त्याचं ॲजोइन होतं. ॲजोइन रक्तातल्या बिंबिकांना (रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट्सना) एकमेकींना चिकटू देत नाही. ऐकायला छान, पण वॉरफरिन हे रक्त पातळ ठेवणारं औषध घेणाऱ्यांनी किंवा शस्त्रक्रिया ठरलेल्यांनी लसणाच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना सांगितलंच पाहिजे.

उच्च रक्तदाब असलेल्यांमध्ये गोळ्यांनी दाब थोडा उतरल्याचं चाचण्यांत दिसतं. चालू औषध सोडावं इतका नाही. कोलेस्टेरॉलचं चित्र धूसर आहे. अमेरिकेत १९२ जणांवर सहा महिने झालेल्या, २००७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कच्च्या लसणानं वा गोळ्यांनी एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, हललं नाही.

दोन चुका मात्र महागात पडतात. ठेचलेला लसूण त्वचेवर बांधून ठेवला तर भाजल्यासारखे फोड येतात. आणि कच्च्या पाकळ्या तेलात बुडवून बाहेर ठेवल्या, तर हवा न लागणाऱ्या त्या जागी बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जिवाणू विष बनवू शकतात, वासात काहीही फरक न पडता. असं तेल फ्रिजमध्ये ठेवा आणि तीन-चार दिवसांत संपवा.

राहिला तोंडाचा वास. तो दातांत अडकलेला नसतो. ॲलिल मिथाइल सल्फाइड रक्तात उतरतं आणि फुफ्फुसांतून श्वासावाटे बाहेर पडत राहतं, कधी कधी दुसऱ्या दिवसापर्यंत. तिथे ब्रश पोचत नाही.