नकार नेमका कुणाला?

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय 'वाक्याचा अर्थ : काही मूलभूत संकल्पना', आणि तो मी घेणारच आहे, पण आधी माझ्या डोक्यात जे बसलंय ते सांगून टाकतो, नाहीतर ते राहूनच जातं. एखाद्या वाक्यावरून दोन माणसं भांडायला लागली की तिसरा येऊन शहाणपणा करतो, 'अहो, ज्याचा त्याचा अर्थ'. मला हे अजिबात पटत नाही. शब्दांबद्दल त्या दोघांचं पूर्ण एकमत असतं, वाद असतो तो 'नाही' वाक्यात कुठपर्यंत पोचतो याचा. आणि तो काही मताचा प्रश्न नाही हो, कंस घालून दाखवता येतो तो.

आता उदाहरण. एका ऑफिसात, नाव घेत नाही कारण अजून माझं काम तिथे अडकलेलं आहे, खिडकीवर पाटी होती : 'शनिवारी सर्व अर्ज स्वीकारले जाणार नाहीत.' मी शनिवारीच गेलो, अर्ज पुढे केला. खिडकीतले गृहस्थ म्हणाले, वाचता येत नाही का? म्हटलं येतं ना, म्हणूनच आलोय, सर्व स्वीकारणार नाही म्हणजे काही स्वीकारणार, माझा त्या 'काही'त धरा. ते म्हणाले, सर्व स्वीकारणार नाही म्हणजे एकही नाही. मागे रांग, आणि रांगेत दोन तट पडले. एक बाई म्हणाल्या, काही घेणार असाल तर कुठले ते तरी लिहा. एक आजोबा म्हणाले, सरकारी मराठीत 'सर्व' म्हणजे सर्वच. मग आतून साहेब आले, सगळं ऐकून घेतलं, खिशातून पेन काढलं आणि 'सर्व'खाली ठळक रेघ मारली! आता रेघेने काय होणार? माझ्या बाजूचे म्हणाले बघा, 'सर्व' नाहीत, फक्त काही घेणार. त्यांच्या बाजूचे म्हणाले बघा, अगदी सर्व नाकारणार. रेघ एकच, दोन्ही तट खूश, माझा अर्ज माझ्याच हातात.

तर इथे 'सर्व' म्हणजे काय हे सगळ्यांना माहीत होतं, अर्ज, शनिवार, स्वीकारणं यातही कुणाला शंका नव्हती. आता कंस घाला. नाही [सर्व अर्ज स्वीकारले जातील], हा माझा अर्थ, इथे 'नाही' बाहेर आणि 'सर्व' त्याच्या पोटात. सर्व अर्ज [स्वीकारले जातील असं नाही], हा खिडकीवाला, इथे 'सर्व' बाहेर. शब्द तेच, कोण कुणाच्या आत एवढाच फरक. याला म्हणतात स्कोप, मराठीत व्याप्ती. मराठीत क्रियापद शेवटी आणि नकार त्याच्याही मागे, त्यामुळे ऐकणाऱ्याला शेवटच्या क्षणी ठरवावं लागतं की हा मागून आलेला 'नाही' मागे किती लांब पोचला. 'सगळीच माणसं वाईट नसतात' म्हटलं की कुणी गोंधळत नाही, कारण एकच अर्थ पटण्यासारखा असतो. पाटीवर दोन्ही पटण्यासारखे.

पण दोन अर्थ वेगळे आहेत हे म्हणायचं कशाच्या जोरावर? तर वाक्याचा अर्थ कळणं म्हणजे जग कसं असलं तर ते खरं ठरेल हे कळणं. ते खरं आहे की नाही हे कळायची गरज नाही. 'या सभागृहातल्या सगळ्यांच्या डोक्यावरचे केस मिळून सम संख्या भरते', खरं का खोटं कुणालाच ठाऊक नाही, पण अर्थ सगळ्यांना कळला (पुढच्या रांगेतल्यांनी मनाला लावून घेऊ नका, तुमचा हिशोब सोपा आहे, शून्य ही सम संख्याच). एक अर्थ खरा आणि दुसरा खोटा अशी एक जरी परिस्थिती दाखवता आली की अर्थ दोन. समजा शनिवारी दहा अर्ज आले आणि चार घेतले. माझा अर्थ खरा, खिडकीवाल्यांचा खोटा. झालं सिद्ध.

आता यातली गंमत त्या गृहस्थांच्या लक्षात आली नाही हे माझं नशीब. समजा दहाच्या दहा परत पाठवले, तर खिडकीवाला अर्थ खरा, पण माझाही खराच! सर्व स्वीकारले असं काही झालं नाही ना? म्हणजे माझ्या अर्थाने पाटी वाचली तरी माझा अर्ज नाकारून त्यांनी पाटी खोटी पाडली नसती. मग 'काही तरी घेतील' ही माझी आशा आली कुठून? ती वाक्याच्या अर्थातली नाहीच, ती बोलणाऱ्याकडून धरलेली अपेक्षा आहे, की बाबा एकही घेणार नसतास तर सरळ तसं म्हणाला असतास. ग्राइस नावाच्या तत्त्वज्ञाने 1967 साली हार्वर्डच्या व्याख्यानांत हे फार सुंदर उलगडून सांगितलं. ओळखायची खूण म्हणजे अपेक्षा रद्द करता येते : 'काही मुलं आली, किंबहुना सगळीच आली' चालतं. अर्थ असा रद्द होत नाही. 'सगळी मुलं आली, किंबहुना दोन आली नाहीत' म्हणून बघा, लोक तोंडाकडे बघतील.

पुढच्या खेपेला पाटी बदलली होती : 'सर्व अर्ज अजिबात स्वीकारले जाणार नाहीत.' वाक्य ओबडधोबड, पण वाद संपला. मला त्या अनाम लेखकाचं कौतुक वाटतं, कारण 'अजिबात' आणि 'एकही' हे नकाराच्या आश्रयाला राहणारे शब्द. 'एकही मुलगा आला नाही' ठीक, 'एकही मुलगा आला' म्हणून दाखवा! पण 'एकही मुलगा आला तर मला सांग' चालतं, तिथे नकार नाही तरी चालतं, आणि याचं कारण लॅडुसॉ नावाच्या भाषाशास्त्रज्ञाने 1979 च्या प्रबंधात... बरं, चिठ्ठी आली, पाच मिनिटं. लॅडुसॉ राहू दे.

आता छापलेला विषय. फ्रेगे या जर्मन तर्कशास्त्रज्ञापासून चालत आलेलं तत्त्व असं की वाक्याचा अर्थ त्याच्या भागांचे अर्थ आणि ते भाग जोडायची पद्धत यांवरून ठरतो, म्हणूनच कधी न ऐकलेलं वाक्य आपल्याला कळतं. टार्स्की या पोलिश तर्कशास्त्रज्ञाने 1933 मध्ये खरेपणाची काटेकोर व्याख्या दिली, पण तर्कशास्त्राच्या कृत्रिम भाषांसाठी, बोलीभाषेबद्दल त्याला भरवसा नव्हता, 'हे वाक्य खोटं आहे' असली वाक्यं तिथे घात करतात, खरं धरलं तर खोटं ठरतं, खोटं धरलं तर खरं. 1970 च्या सुमाराला रिचर्ड माँटेग्यू हा अमेरिकन तर्कशास्त्रज्ञ म्हणाला, बोलीभाषा आणि तर्काची भाषा यांत तत्त्वतः फरक नाही, आणि इंग्रजीचा एक तुकडा गणितात मांडून दाखवला. 1971 मध्ये तो गेला, मग हे भाषाशास्त्रज्ञांपर्यंत पोचवण्यात बार्बरा पार्टी या भाषाशास्त्रज्ञ बाईंचा मोठा वाटा.

तर या मांडणीत 'सगळी', 'काही', 'बहुतेक' हे दोन संचांमधले संबंध. 'सगळी मुलं झोपली' म्हणजे मुलांचा संच झोपलेल्यांच्या संचाच्या पोटात. 'काही' म्हणजे दोन्हींत सामायिक कुणीतरी आहे. 'बहुतेक' म्हणजे झोपलेली मुलं जाग्या मुलांपेक्षा जास्त. (खोलीत हत्ती एकही नाही, आणि रिकामा संच कुठल्याही संचाच्या पोटात असतोच, म्हणून 'या खोलीतले सगळे हत्ती झोपलेत' हे मग खरं ठरतं. हसा, पण खरं ठरतं.) बारवाइज आणि कूपर या दोन अभ्यासकांनी 1981 मध्ये दावा केला की जगातल्या कुठल्याही भाषेत असल्या शब्दांना मुलांच्या बाहेर बघावंच लागत नाही : 'सगळी मुलं झोपली' आणि 'सगळी मुलं ही झोपलेली मुलं आहेत' एकच. 'फक्त' घातलं की हे मोडतं, 'फक्त मुलं झोपली' तपासायला मोठ्यांकडेही बघावं लागतं. पण 'फक्त' त्या जातीचा शब्दच नाही, तो कुठेही चिकटतो, फक्त सीता, फक्त हळू, फक्त उद्या, 'सगळी'ला ते जमत नाही. दावा शाबूत.

'ती हुशार आहे आणि हट्टी आहे', 'ती हुशार आहे पण हट्टी आहे', दोन्ही अगदी एकाच परिस्थितीत खरी ठरतात, हेही फ्रेगेच्या ध्यानात आलं होतं. मग 'पण' करतो काय? हे प्रश्नोत्तरांत कुणीतरी विचारा, म्हणजे मला आणखी दहा मिनिटं मिळतील.